हौदाजवळची दोरी

दसरा नुकताच झाला होता. रात्रीचे साडेदहा वाजले तरी गिरणी चालूच होती. धान ओतायच्या हौदाशी उभ्या असलेल्या बाईने नव्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर धान बाहेर काढलं, एक दाणा नखाने सोलून दाताखाली धरला आणि पोतं उचलायला वाकलेल्या पोराचं मनगट पकडलं.

“थांब रे. हा चिन्नोर नाही.”

पोराने मिस्त्रीकडे पाहिलं, मिस्त्रीने मुनीमजींकडे. मुनीमजी वहीतून मान वर न करता म्हणाले, “भाऊले माहीत आहे. टाक.”

पोराने पोतं हौदात रिकामं केलं. त्या रात्री तशी नव्वद पोती रिकामी झाली. दुसऱ्या दिवसापासून बाईला हौदावरून काढून अंगणात धान वाळवायला लावलं.

गिरणी बालाघाट जिल्ह्यातली, वारासिवनीच्या बाजूची, लहानशी. मालकाला सगळे भाऊ म्हणतात, आपणही तेच म्हणू. हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यातला. राज्यांच्या सीमा बदलल्या, पण सोयरिकी गोंदिया, भंडारा, नागपूरशीच होत राहिल्या. भाऊच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि शेतकऱ्यांशी पोवारी असं बोलणं चालतं. वडिलांनी एक हॉलर टाकून गिरणी सुरू केली, भाऊने त्या जागी शेलर आणि पॉलिशर बसवले. पुढची २२ वर्षं धंदा एकाच आधारावर चालला, सरकारी धानाच्या मिलिंगवर. सरकार सोसायटीत शेतकऱ्याचं धान घेतं, गिरणीला देतं, आणि गिरणीने १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ जमा करायचा. तुकडा २५ टक्क्यांच्या आत असला की त्या बाबतीत माल पास व्हायचा.

या धंद्यात वाईट काही नाही. कित्येक गिरण्या त्यावर जगतात आणि रेशनचा तांदूळ त्यातूनच लोकांच्या ताटात पोचतो. पण त्यात गिऱ्हाईक नसतं. तांदूळ कोणी शिजवला, कोणाला कसा लागला, हे २२ वर्षांत भाऊला कोणी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही. अशा धंद्यात माणसाला माल पास करून घेण्याची सवय लागते. पुढे जे घडलं त्याचं मूळ मला त्या सवयीत दिसतं, लोभ त्याच्या नंतर आला.

२०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालं. हा तांदूळ इथल्या लोकांना नवा नव्हता. लालबर्रा, वारासिवनीकडच्या जुन्या घरांत एखादी बांधी चिन्नोरची असायचीच. लेक बाळंतपणाला आली, जावई आला, पितर जेवले की तो निघायचा, एरवी कोठीत राहायचा. सगळं शेत कोणी चिन्नोरने भरत नसे, कारण पीक फार दिवस घेतं. आषाढात रोवणी केली तरी कापणीला अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, उजाडतो. बाकीच्या बांध्या रिकाम्या होतात आणि चिन्नोर एकटा उभा असतो. उभा म्हणजे तोही कधी कधी, कारण रोप उंच, वारा आला की आडवं पडतं. उतारा संकरित धानाच्या मानाने फारच कमी. एवढं सगळं सोसून शेतकरी तो लावायचा तो त्याच्या वासापायी. भात शिजला की शेजारच्या घराला कळतं.

भाऊने पेपरात मानांकनाची बातमी वाचली आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की आपल्या गिरणीच्या नावाने काही विकावं. त्या साली ६० क्विंटल चिन्नोर धान घेतलं. दाणा बारीक, मशीनमध्ये तुटतो, म्हणून अख्खा तांदूळ ३३ क्विंटलच निघाला. पाच पाच किलोच्या ६६० पिशव्या झाल्या. आता या विकायच्या कुठे, हे भाऊला, मुनीमजींना, कोणालाच माहीत नव्हतं. ते भाऊच्या बायकोला, वहिनींना, माहीत होतं.

वहिनींचं माहेर गोंदियाचं, मावशा आणि बहिणी नागपुरात. त्यांनी जाहिरात वगैरे काही केली नाही. एक चिठ्ठी लिहिली आणि प्रत्येक पिशवीत घातली. तांदूळ कोणत्या गावच्या शेतातला, कापणी कधीची, गिरणीतून कधी निघाला. नवा आहे तोवर पाणी बेताने घाला, चिकट होतो. तीन महिने थांबलात तर मोकळा होईल, तोवर कडुनिंबाचा पाला घालून डब्यात ठेवा. खाली स्वतःचा फोन नंबर आणि एक वाक्य, भात कसा झाला ते कळवा.

लोकांनी खरंच कळवलं. पाणी किती, कुकरला शिट्ट्या किती, खीर केली तर चालेल का, पोपटाला तुकडा घातला तर चालेल का. वहिनींनी एक वही केली आणि तिला फोनवही म्हणू लागल्या. नाव, गाव, काय विचारलं, काय सांगितलं. महिनाभरात त्यांना एक गोष्ट दिसली आणि त्यांनी ती नवऱ्याला दाखवली. ज्यांनी फोन केला होता त्यांच्यातले बहुतेकजण पुन्हा मागवत होते. ज्यांनी केला नव्हता, त्यांच्यातले फार थोडे. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी उलट केलं, आपणच फोन लावले. दर कमी केला नाही, फुकट काही दिलं नाही, फक्त विचारलं. ६६० पिशव्या रोवणीच्या आधी संपल्या.

वारासिवनीतल्या एका सेवानिवृत्त मराठीच्या गुरुजींनी ही फोनवही पाहिली तेव्हा त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. लोखंडी नांगर निघाला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन नासते असा समज होता, पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून काढलेलं ते पत्रक, शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं असं मासिक केलं की मराठी घराघरांत ते वाचलं गेलं. “नांगर ज्यानं घेतला त्याच्याशी बोलणं सोडलं नाही त्यांनी,” गुरुजी वहिनींना म्हणाले. “तुमची चिठ्ठी त्याच जातीची आहे, बाई. तिच्यात खोटं येऊ देऊ नका.”

दुसऱ्या साली भाऊने १५० क्विंटल धान घेतलं. दसऱ्यापर्यंत त्यातलं ३६ क्विंटल उरलं, म्हणजे २० क्विंटल तांदूळ, ४०० पिशव्या. आणि नेमकं तेव्हाच नागपूरच्या एका मोठ्या कंपनीचं पत्र आलं. दिवाळीला कामगारांना द्यायला ८०० पिशव्या हव्यात, वेळेवर मिळाल्या तर दरवर्षी घेऊ.

चिन्नोर कापणीला येतो दिवाळी उलटल्यावर. नवा माल मिळण्याचा प्रश्नच नव्हता. खरं उत्तर एका ओळीचं होतं, ४०० आहेत, हव्या असतील तर ४०० देतो. भाऊने ते उत्तर मनात दोनदा तयार केलं आणि दोनदा खोडलं. दरम्यान एका दलालाचा फोन येऊन गेला. सुवासाचं दुसरं बारीक धान आहे, दाणा हुबेहूब, निम्मं निम्मं केलंत तर शहरातल्या माणसाला कळायचं नाही. मुनीमजींनी ते भाऊच्या कानावर घातलं आणि वाट पाहत उभे राहिले. भाऊ हिशेबाच्या वहीकडे पाहत होता. म्हणाला, “पाहा, कसं जमते ते.” आणि गाडी काढून घरी गेला.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण लहान धंद्यातली बहुतेक मोठी पापं अशाच वाक्याने होतात. “भेसळ करा” असं भाऊ म्हणाला असता तर मुनीमजींनी कदाचित विरोध केला असता. “करू नका” म्हणाला असता तर विषय संपला असता. तो मधलं काहीतरी बोलला. मालकाला वाटतं आपण अजून काहीच ठरवलेलं नाही, आणि नोकर ऐकतो तो हुकूम. मालक त्या रात्री स्वस्थ झोपतो, कारण त्याच्या हिशेबी त्याने काही केलेलं नसतं. जे केलं ते खालच्या माणसांच्या हातांनी झालेलं असतं, आणि त्याचा भार तेच वाहतात. त्या रात्री भाऊ झोपला. हौदाशी उभी असलेली बाई झोपली नाही, हे तिनेच पुढे सांगितलं.

८०० पिशव्या नागपूरला गेल्या. त्याच मालातल्या साठेक उरल्या त्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाठवल्या. दिवाळीला आठ दिवस असताना वहिनींचा फोन वाजला. नागपूरच्या महाल भागातल्या एक आजी, माहेरच्या लालबर्ऱ्याकडच्या. पहिल्या सालापासून तांदूळ घ्यायच्या आणि दर खेपेला फोन करून माहेरच्या पावसापाण्याची चौकशी करायच्या.

“तांदूळ बरा आहे, बाई. वाईट नाही म्हणत मी,” आजी म्हणाल्या. “पण मागच्या खेपेले मी गंजावरचं झाकण काढलं तं सून दुसऱ्या खोलीतून म्हणे, आई, आज कोण येऊन राहिलं जेवाले? अवंदा तिनं काही नाही विचारलं.”

वहिनींनी ते वाक्य जसंच्या तसं फोनवहीत उतरवलं. रात्री भाऊ जेवायला बसला तेव्हा वही उघडून त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि पोळ्या करायला आत गेल्या.

सकाळी भाऊ गिरणीत आला तो चिडून. “कोणी सांगितलं होतं मिसळायले?”

“तुम्ही,” मुनीमजी म्हणाले.

“मी? कधी?”

“तुम्ही म्हणाले, पाहा कसं जमते ते.” मुनीमजींचा आवाज खाली होता, पण ते हटले नाहीत. “२२ वर्षं झाले, भाऊ. तुम्ही पाहा म्हणाले अन् मी पाह्यलं नाही, असं झालं कधी?”

भाऊ खुर्चीत बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “कोणाकोणाले माहीत होतं?” मुनीमजींनी बोटांवर मोजलं. ते स्वतः, मिस्त्री, पोतं टाकणारा पोरगा आणि ती बाई. म्हणजे गिरणीत त्या रात्री हजर असलेल्या सगळ्यांना. माहीत नव्हतं ते फक्त ज्याचं नाव पिशवीवर छापलं होतं त्याला, आणि त्यालाही माहीत करून घ्यायचं नव्हतं.

तो उठून अंगणात गेला. बाई पायाने धान पसरत होती. भाऊ उन्हात तिच्यासमोर उभा राहिला. “तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं म्हणे.”

“सांगतलं होतं.”

“कसं ओळखलं?”

“माझ्या घरी एक बांधी आहे चिन्नोरची, मालक. दरसाल मीच कापतो. लेकराले ओळखाले कागद लागते का?”

“मग माझ्याकडे काहून नाही आल्या?”

बाईने त्याच्याकडे पाहिलं. तिला या प्रश्नाचं खरंच नवल वाटलं असावं. “तुमच्याकडे कोण येते, मालक? तुम्ही काचेच्या आत बसता.”

वडील काट्याशी बसत. प्रत्येक पोतं त्यांच्या डोळ्यांसमोरून जाई आणि प्रत्येक माणूस त्यांच्याशी दोन शब्द बोलून पुढे सरके. भाऊने दहा वर्षांपूर्वी कूलर आणि काच लावून ऑफिस केलं, कोंड्याची धूळ नको म्हणून. धुळीसोबत आणखी काय काय बाहेर राहिलं ते त्याला त्या दिवशी कळलं.

मग जे झालं ते पटकन सांगतो, कारण त्यात नुकसानीखेरीज काही नाही. भाऊ स्वतः नागपूरला गेला आणि कंपनीच्या साहेबाला तोंडावर सांगितलं की यात निम्मा तांदूळ चिन्नोर नाही, माल परत द्या. साहेब संतापला. दिवाळी पाच दिवसांवर, आता आम्ही काय वाटायचं? त्याचं चुकलं नव्हतं. पिशव्या परत आल्या, पैसे परत गेले आणि त्या कंपनीने पुन्हा कधी बोलावलं नाही. साठ नेहमीच्या गिऱ्हाइकांना वहिनींनी फोन केले. कोणत्या पिशव्या भेसळीच्या, हे बाहेरून सांगता येत नव्हतं, कारण त्यांच्यावर कसलाही क्रमांक नव्हता, म्हणून त्या महिन्यात घेतलेल्या प्रत्येकाचे पैसे परत केले. सगळा माल सुटा करून गिरणीच्या फाटकाशी साध्या बारीक तांदळाच्या भावाने विकला. त्या सालची चिन्नोरची कमाई गेली आणि मिलिंगच्या पैशालाही हात लागला. प्रामाणिकपणाचं बक्षीस लगेच मिळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी भाऊची त्या सालची वही पाहावी.

इथल्या भागात नावाची किंमत कळायला दूर जावं लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या दीड एकरात १९८३ च्या सुमारास पटेल-३ या धानात वेगळी लोंबी पाहिली, तिचं बी वर्षानुवर्षं निवडत नेलं आणि एक नवं बारीक धान तयार केलं. व्यापाऱ्याने त्याला तेव्हाच्या चलतीच्या घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. विदर्भापासून बालाघाट, छत्तीसगडपर्यंत बांध्याच्या बांध्या त्या धानाने भरल्या. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, पण आयुष्य हलाखीतच गेलं, आणि २०१८ मध्ये ते वारले. घड्याळाचं नाव राहिलं, ज्याने लोंबी ओळखली त्याचं पिशवीवर कुठेच आलं नाही. भाऊच्या गिरणीत लोंबी ओळखणारी बाई रोजंदारीवर होती आणि तिला हौदावरून काढलं होतं. गुरुजींनी हे भाऊला सांगितलं तेव्हा त्याने मान खाली घातली.

भाऊने बाईला पुन्हा हौदावर बोलावलं. म्हणाला, आता काही खटकलं तर मला सांगा. बाई हो म्हणाली, पण मिस्त्री मध्ये बोलला. मिस्त्री वारासिवनीचा, कोष्ट्याच्या घरातला. त्याचे वडील आणि काका हातमागावर लुगडी विणत. वारासिवनीच्या त्या हातमागाच्या कापडाला २०२३ मध्ये मानांकन मिळालं.

“सांगून काय होते, भाऊ?” मिस्त्री म्हणाला. “ती मले सांगन, मी मुनीमजीले, मुनीमजी तुम्हाले. तोवर पाच पोते हौदात. आमच्या घरी मागावर धागा तुटला तं माग थांबवाले बापाले नाही विचारत कोणी. ज्याच्या हातात धोटा, तोच थांबवते.”

त्याला ठाऊक नव्हतं, पण जगातला एक फार मोठा कारखाना याच विचारातून उभा राहिला आहे. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये धागा तुटला की आपोआप थांबणारा माग पुरा केला. पुढे त्यांच्या घराण्याच्या मोटारींच्या कारखान्यात, टोयोटात, कामगारांच्या हाताशी दोरी आली. दोष दिसला की कोणीही ती ओढावी. धागा तुटल्यावर विणत राहिलं तर पुढचं सगळं कापड वाया जातं, ही गोष्ट वारासिवनीच्या कोष्ट्याला आणि नागोयाच्या टोयोडाला सारखीच कळली होती.

मिस्त्रीने मेन स्विचला खटका बसवला आणि त्याची सुती दोरी हौदाच्या वर, बाईचा हात पोचेल एवढ्या उंचीवर सोडली. ओढली की एलिव्हेटर, शेलर, सगळं बंद. भाऊने सगळ्यांना बोलावून सांगितलं की ही दोरी कोणीही ओढू शकतो, बाई, पोरगा, हमाल, कोणीही. मजुरी कापली जाणार नाही.

पौषात दोरी लागली. माघ गेला, फाल्गुन गेला. दोरी कोणी ओढली नाही.

भाऊला वाटलं, बरं आहे, माल चोख येतोय. वहिनी म्हणाल्या, “माल चोख नाही, माणसं भेतात.” त्यांचं खरं होतं. मालकाने परवानगी दिली म्हणून भीती जात नाही. पहिल्या माणसाचं काय होतं, हे पाहून मग लोक ठरवतात. तो पहिला माणूस कोण, आणि त्या वेळी मालकाचा चेहरा कसा असेल, याची सगळी गिरणी वाट पाहत होती.

चैत्रात एका दुपारी गिरणीची घरघर एकदम थांबली. उन्हाळ्यात विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे भाऊला वाटलं लाईट गेली. पण ऑफिसातला पंखा फिरत होता. तो धावत हौदाशी आला. दोरी धरून तो पोरगाच उभा होता, ज्याने त्या रात्री पोतं ओतलं होतं. बाई त्या दिवशी कामावर नव्हती. पोराच्या तोंडावर कोंड्याची भुकटी आणि तिच्यातून घामाच्या रेघा. चौदा माणसं हातातलं काम टाकून उभी होती आणि एकाचीही नजर पोराकडे नव्हती. सगळे भाऊकडे पाहत होते.

“काय दिसलं?” भाऊने विचारलं.

“वास नाही येऊन राहिला, मालक.”

भाऊने पोत्यात हात घातला. बावीस वर्षांत त्याने असा हात फार कमी वेळा घातला होता. दाणा सोलला, दाताखाली धरला. दुसऱ्या पोत्यातला घेतला, तिसऱ्यातला घेतला. अवकाळी पावसात भिजून वाळलेलं धान होतं, वास दबला होता, पण दाणा चिन्नोरचाच. मशीन पुन्हा लागायला, एलिव्हेटरमध्ये अडकलेला माल काढायला दोन तास गेले. मुनीमजी मनातल्या मनात खर्च मांडत होते, ते त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

“चिन्नोरच आहे,” भाऊ पोराला म्हणाला. “भिजला होता, म्हणून वास नाही. पण भिजला होता हे आपल्याले सोसायटीवाल्यानं सांगितलं नव्हतं, तुझ्यामुळं कळलं. ही पोती बाजूले लाव, पिशवीत नाही जाणार.” मग मुनीमजींकडे वळून, “वहीत लिहा. आजची तारीख, याचं नाव, अन् काहून थांबवलं ते.”

एवढंच. शाबासकी नाही, भाषण नाही. पण त्यानंतरच्या महिन्यात दोरी चार वेळा ओढली गेली आणि त्यातल्या एका वेळी खरोखर दुसरंच धान आलेलं होतं. ते बाईने पकडलं.

बाकीचे बदल हळूहळू झाले. प्रत्येक पिशवीवर रबरी शिक्क्याने गावाचं नाव आणि घाण्याचा क्रमांक येऊ लागला. मानांकनाचा कायदा १९९९चा आहे आणि त्याखाली ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. भाऊने त्याचे कागद नीट केले. शेतकऱ्यांना भाव कापणीनंतर सांगायचा रिवाज होता, तो त्याने मोडला. आता ज्येष्ठात, पऱ्हे टाकायच्या आधीच गावात जाऊन सांगतो की चिन्नोर लावाल तर इतका भाव, लिहून देतो. उतारा कमी पडण्याची जोखीम एकट्या शेतकऱ्याने का घ्यावी, हा त्याचा प्रश्न मला रास्त वाटतो. जोखीम वाटून घेतली नाही तर तो पुढच्या वर्षी संकरित लावतो आणि मग गिरणीवाल्याला दलालाचा फोन घ्यावा लागतो. फाटकाशी एक फळा लावला आहे, त्यावर शिल्लक पिशव्यांचा आकडा रोज खडूने लिहितात. तो शून्यावर आला की फोनवर वहिनी शून्य सांगतात आणि अगहनानंतर कधी माल येईल त्याची तारीख देतात. थांबणाऱ्यांची नावं फोनवहीत वेगळ्या पानावर आहेत. ते पान वाढतंय. काचेचं ऑफिस आहे, पण सकाळचे दोन तास भाऊ काट्याशी बसतो. धुळीने त्याला खोकला होतो, त्यावर वहिनी रोज बोलतात.

दोरी लागल्यानंतरच्या पहिल्या घाण्यातली पहिली पिशवी महालातल्या आजींकडे गेली होती, पैसे न घेता. आजींचा फोन आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वहिनी म्हणाल्या, म्हातारं माणूस, प्रकृती बरी नसेल. भाऊ काही म्हणाला नाही, पण काट्याशी बसल्या बसल्या त्याचं लक्ष वहिनींच्या फोनकडे जायचं. शेवटी एका रविवारी दुपारी साडेबाराला त्याने स्वतःच नंबर लावला. पलीकडून सुनेचा आवाज आला, मागे भांड्यांचा आणि पोरांचा गलका.

“मी बालाघाटहून बोलतो, चिन्नोरवाला. आजी आहेत का?”

“आहेत नं. पण आई जेवून राहिल्या, दुसऱ्यांदा भात घेतला त्यांनी,” सून म्हणाली. “तुम्ही थोड्या वेळानं करता का?”